न्हाणीमागचा अनंत

पिंपळगाव राजा,
ज्येष्ठ महिना, सन १९६५

सौभाग्यवती सत्यभामाबाई विहीणबाई यांस सुभद्राबाईचा हात जोडून रामराम. इकडे सगळ्यांची तब्येत बरी आहे, माझे गुडघे तेवढे माझं ऐकत नाहीत. तुमची कंबर कशी आहे? व्याही रंगरावजींचा खोकला गेला का? तुमची लेक खुशाल, नात भिंत धरून उभी राहते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. पत्र मी सांगते आहे, लिहिते तुमचीच पुष्पा. (मी बोलते तसं ती लिहीत नाही, शुद्ध करून लिहिते. तिच्या मास्तरच्या इज्जतीचा प्रश्न आहे म्हणे.)

तुमचं पत्र तिनं परवा वाचून दाखवलं. शेजारच्या मनकर्णाबाईच्या मुलीचं लग्न येत्या सोमवारी, आणि तुम्ही लिहिता, जिनं माझ्या अनंताची फांदी चोरली तिच्या मांडवात मी पाय ठेवणार नाही. पंचवीस वर्षांचा शेजार तुमचा! हे ऐकल्यापासून माझ्या घशाखाली भाकर उतरत नाही. (पुष्पा म्हणते, दोन खाल्ल्या. त्या उतरल्या नाहीत, ढकलल्या.)

असं काऊन, ते सांगते. पण आधी अनंताचं ऐका. तीन वर्षांत तीनदा तुम्ही आपल्या हातानं मला काडी दिली. पहिली विहिरीपाशी लावली, दुसरी तुळशीजवळ, तिसरी फुटक्या घागरीत. शेणखत घातलं, दोन वेळा पाणी दिलं, पोटच्या पोरावर ठेवलं नाही इतकं लक्ष ठेवलं. तिन्ही वाळल्या. तेव्हा आमची शेजारीण अंबूबाई म्हणाली, "मागतलेलं फुलझाड लागत नाही ना माय, चोरलेलंच लागते." अंबूबाईचं अंगण फुलांनी भरलेलं आहे. ती सगळी कुठून आली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

गेल्या श्रावणात पुष्पाला आणि नातीला घेऊन जायला मी वरवट बकालला आले होते. तुम्ही चुलीपुढं पुरण शिजवत होतात. निघताना नातीचा मुका घेतलात आणि म्हणालात, "पोरीच्या दुपट्याले हिरवा वास येऊन राह्यला." विहीणबाई, तो वास पोरीचा नव्हता.

चोर मी. मनकर्णाबाई तुमच्या झाडाजवळ जाईल कशाला? अनंताच्या वासानं तिला शिंका येतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

काडी आणली आणि लाजेनं न्हाणीमागं सावलीत खुपसली. कोणी पाहील म्हणून दोन महिने तिकडं फिरकले नाही. पाऊस वरून पडत होता तेवढाच. आणि ती लागली हो! पुढं पानं पिवळी पडली, आपली काळी माती तिला मानवेना. मग भोवती लाल माती घातली, आठवड्याला आंबट ताक पाण्यात कालवून ओतलं, वैशाखात वर कपाशीच्या पळाट्यांचं छप्पर केलं. परवा पहिलं फूल उमललं. आमचे घरधनी विचारत आले, अत्तर कोणी सांडलं? मी नुसती हसले. माणसानं त्याच दिवशी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली!

तर राग माझ्यावर काढा, पण लग्नाला जा. पुष्पाला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला बोलू नका.

कळावे. (इथं माझा अंगठा. शाई जास्त लागली, मन साफ आहे.)

ता. क. नुसतं लिहून भागणार नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं येते आणि मनकर्णाबाईपुढं कान धरते. तुम्ही फक्त सोबत उभ्या राहा. नवरीच्या वेणीत तुमच्या झाडाची फुलं घालू, मनकर्णाबाई शिंकली तर शिंकली.

आणखी ता. क. तुमची ती दुहेरी पाकळ्यांची जास्वंद फार दिवस मनात आहे. हातानं देऊ नका. मी अंगणात रेंगाळताना दिसले, की आत जाऊन चहा टाका आणि साखर शोधायला जरा वेळ लावा.

(आई, हे खालचं मी सासूबाईंना वाचून दाखवणार नाही. फांदी मी तोडली. मोडल्याचा आवाज झाकायला त्या दाराशी उभ्या राहून खोकत होत्या. मला बोल लागू नये म्हणून त्यांनी सगळं अंगावर घेतलं. आणि पहिल्या तिन्ही काड्या वाळल्या, कारण मूळ फुटलं का म्हणून त्या रोज सकाळी उपटून पाहायच्या. चोरीच्या काडीला भीतीनं हात लावला नाही, म्हणून ती जगली. तेव्हा जास्वंद त्यांना चोरूच दे. तुझी पुष्पा.)