रांगोळीखालचं नाव

१३ जाने., सोमवार
कोर्टाची तारीख. आमच्या अपिलाला कामगार विमा कार्यालयाने लेखी उत्तर दिलं. तीन पानं, शेवटी एक फोटो. गावातल्या दिवाळीच्या प्रदर्शनातली रांगोळी, मिठागरातला म्हातारा. खाली पाटी : "कलाकार – निलेश म्हात्रे, जूचंद्र."
उत्तरात लिहिलंय, अर्जदार अपघातानंतरही बारीक कलाकुसर करतो, सबब कायमचं अपंगत्व नाही. मेडिकल बोर्डाने दावा नाकारला ते योग्यच.
ती रांगोळी मी काढलेली नाही. माझ्या बहिणीने काढली, प्रणालीने. पाटी मंडळाच्या जितूने लावली, मला बरं वाटावं म्हणून. मी ती पाटी उतरवायला सांगितली नाही. बरं वाटलं होतं.

१४ जाने., मंगळवार
झोप नाही. बोर्डाचे डॉक्टर आठवतात. "बोटं शाबूत आहेत ना?" आहेत. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन, कारखान्यात प्रेसखाली आलेली. वाकत नाहीत. परवा चहाचं पातेलं उतरवलं, कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं की माझीच.
तुटली असती तर बोर्डाला दिसलं असतं. असं मनात येतं आणि मग आईकडे बघवत नाही.
दुपारी सुपरवायझरचा फोन. "कागदावर तू फिट आहेस. मग ये प्रेसवर, नाहीतर राजीनामा पाठव." त्याच प्रेसवर. फोन ठेवल्यावर सुचलं काय बोलायला हवं होतं. इथे लिहीत नाही.

१९ जाने., रविवार
जितू आला. "भावा, दरवर्षी तुझंच नाव असतं. यंदा रिकामं ठेवायचं होतं काय?"
म्हटलं, कोर्टात येऊन हेच सांग.
"सांगीन रे. पन लोक बोलतील, मंडळ खोट्या पाट्या लावतं." चहा अर्धा टाकून गेला. शाळेपासूनचा मित्र.
आई आतून, "कोनाचा काम नि कोनाचा नाव. आता निस्तरा."
मग प्रणाली, "मी येते कोर्टात. रांगोळी माझी आहे. सहा दिवस गुडघ्यांवर बसले होते. पाटी लावताना तुम्ही दोघांनी मला विचारलं होतं का, दादा?"
नव्हतं विचारलं. राग आला, तिचाच. तिचं बरोबर होतं म्हणून जास्त.

४ फेब्रु., मंगळवार
प्रणालीची साक्ष. कार्यालयाचे वकील, "भावासाठी खोटं बोलताय."
"खोटं पाटीवर होतं, साहेब." आवाज जरासुद्धा हलला नाही तिचा.
मग मला. "या रांगोळीला तुमचा हात अजिबात लागलेला नाही?"
आमच्या वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं, फक्त 'नाही' म्हणा. पण शपथ घेतली होती. "मागचं आभाळ मी भरलं. डाव्या हाताने, चाळणीने." वकीलबाईंनी डोळे मिटले.
"म्हणजे रांगोळी काढली."
सांगायला लागलो की चाळणी कोणीही हलवतो, रेघेला चिमूट लागते. पुढे बोलू दिलं नाही.
न्यायाधीशांनी विचारलं, चिमूट म्हणजे कशी? डाव्या हाताने दाखवली. मग म्हणाले, उजव्याने दाखवा. दोन बोटं पुढे ताठ उभी राहिली. ते बराच वेळ बघत होते. बोर्डाने बघितलं त्याहून नक्की जास्त.
पुढची तारीख ११ मार्च. रांगोळी घेऊन यायची. उजव्या हाताने एक रेघ काढून दाखवायची.
बाहेर वकीलबाई, "खरं बोललात, असू दे. आता एवढं करा, घरी सराव करू नका."

२ मार्च, रविवार
रांगोळीचा डबा माळ्यावर टाकला होता. आज उतरवला.
ओटीवर बसलो. अंगठा आणि करंगळीजवळचं बोट, तेवढंच जुळतं. पहिली रेघ सांडली. दुसरी तुटली. पुसून परत. कितवी ते मोजलं नाही, एक आली. हातभर. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. नंतर हात खांद्यापर्यंत थरथरला, डबा सांडला.
एका रेघेवर प्रेस चालत नाही. दिवसभर त्या हाताने परत काही धरता आलं नाही, शर्टाची बटणं प्रणालीने लावली. हे कोर्टात कोण बघणार? तिथे एकच रेघ बघतील.
बोर्डाचा, सुपरवायझरचा, त्या वकिलाचा, सगळ्यांचा राग आजच्या रागापुढे कमी होता. रेघ सरळ आली आणि मी हसलो. कोणी बघत नव्हतं, तरी हसलो. आणि आता, नऊ दिवसांनी कोर्टात तीच वाकडी यावी म्हणून देवीला हात जोडायचे.
आई केरसुणी घेऊन आली. "झाडू काय रं?"
"थांब जरा."
संध्याकाळ झाली. सगळे रेघ ओलांडून ये-जा करतायत. अजून झाडायला सांगितलं नाही.