विसराळूसमोरची खुर्ची

४ मार्च, सोमवार

लागली बाई एकदाची नोकरी! फसव्या आणि घाणेरड्या वेबसाइट शोधून बंद पाडायचं काम. ऑफिस म्हणजे एका दुकानामागच्या दोन खोल्या. कारभार सगळा मालकांचा, त्यांना सगळे काकाच म्हणतात. चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरतात. आतल्या कॉम्प्युटरचं नाव त्यांनी विसराळू ठेवलंय. त्याच्या पोटात हार्ड डिस्कच नाही. पेन ड्राइव्ह लावला की त्यावरून सगळं सुरू होतं. उपसला की स्क्रीन काळी आणि आत काय पाहिलं ते साफ विसरतो. म्हणून कसलीही साइट उघडा, काही चिकटत नाही. एक नियम मात्र काकांनी चारचारदा बजावला, की स्वतःचं काही म्हणजे काही त्यात टाइप करायचं नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

६ मार्च

या नोकरीमागचं खरं कारण लिहून ठेवते. धाकटीचा चेहरा कुण्या मेल्यानं भलत्याच अंगावर चिकटवून चार फोटो एका साइटवर टाकलेत. पोरगी कॉलेजला जात नाही, धड जेवत नाही, आरशावर टॉवेल टाकून बसते. तक्रारी करून चपला झिजल्या. आज ती साइट मला सापडली. फोटो पाहून डोकंच फिरलं. खालच्या चौकटीत लिहून टाकलं, मी तिची ताई आहे, फोटो काढ, नाहीतर तुझी खैर नाही. काकांना बोलले नाही. पेन ड्राइव्ह उपसला, विषय संपला.

७ मार्च

कुठला संपतोय! विसराळू कोरा करकरीत सुरू झाला, तरी साइट उघडताच उत्तर हजर. बरं ताई, एकाच्या बदल्यात एक. धाकटीचा एक फोटो गायब, आणि त्या जागी माझी पाठ. हीच खुर्ची, माझीच वेणी, सकाळी पहिल्यांदा लावलेली पिवळी क्लिप. कॅमेऱ्यावर तर पट्टी चिकटवलेली आहे. मागे नुसती भिंत. काकांनी ती ठोकून पाहिली, घाम पुसला, मला घरी जायला सांगितलं. मी का जाऊ? जाईल तर तो फोटोवाला मेला!

११ मार्च

धाकटीचे आता दोनच उरले. माझा नवा फोटो बाजूनं, गाल दिसतोय. नेटची वायर उपसून हातात घेतली, तरी साइट चालूच. घाबरले, खोटं कशाला बोलू? पण रात्री धाकटी पोटभर जेवली. काकांनी आज चहा एकच मागवला. मला विसरले म्हणून ओशाळले. खरे विसराळू तुम्हीच, असं चिडवलं त्यांना.

१३ मार्च

तिचा एकच उरला. काकांनी मला विचारलं, कुणाला भेटायचंय? चेष्टा नव्हती ती. हजेरीच्या मशीनला माझं बोट ओळखू येईना. घरी आईनं ताटं वाढली, माझं नाही. धाकटी हसत कॉलेजची बॅग भरत होती — मला पाहून दचकली. आईला हाक मारून म्हणाली, दारात कुणीतरी आलंय.

जिन्यात बसून रडले. त्या चौकटीत मी स्वतःला ताई लिहिलं होतं. घरात ताई उरली नाही.

१४ मार्च

आज ऑफिसात गेले नसते, साइट उघडली नसती, तरी चाललं असतं. तिचा एक फोटो राहिला असता. पण एक तरी का राहावा?

काकांसमोरून आत आले. मान वर केली नाही त्यांनी.

उतरतोय तिचा फोटो. त्या जागी मी, समोरून. फोटोतली ती पापण्या मिटतेय — मी नाही मिटल्या —

गेला! शेवटचा गेला! सुटली माझी पोरगी. बस आता माझं तोंड बघत, मेल्या, मी काही मान खाली घालणार नाही —

काका आत आले. स्क्रीनच्या काचेपलीकडे माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत पुटपुटले, विसराळू कुणी चालू ठेवलाय. हात पेन ड्राइव्हकडे —

काका, मी इथंच आहे, उपसू न