धुऱ्याकडची ओळ

मुंबई, रविवार

ज्ञानू,

तुह्या नलूताईचा आशीर्वाद. फोनवर तू मले बोलू देत नाई, म्हणून लिहून राह्यली.

मी बरी आहे. सलाईनमधून औषध देल्यावर एक दिवस थंडी वाजून ताप आला, मंग उतरला. गुंजन जवळच आहे. लेक असून मलेच दटावते. तुह्या जयाच्या गुडघ्याले आराम पडला का? बाजारात वांगे घेऊन आता तूच जातं का?

तू म्हणतं, डॉक्टर माह्यावर प्रयोग करून राह्यले. खरं आहे. आतड्यातली कॅन्सरची गाठ लिव्हरात गेली अन् जुन्या औषधांनं काम करणं सोडलं. हे नवीन अँटिबॉडीचं औषध आपल्याच रक्तातल्या पेशींले गाठ ओळखाले शिकवते म्हणे. पण माणसाले ते किती सोसते, हे अजून कोणालेच माहीत नाई. म्हणून पहिल्या तिघांले थोडंसं देऊन पाह्यतात, मंग पुढच्यांले वाढवतात. मी त्या तिघांतली. तुम्हाले फायदा होईलच असं नाई, हे डॉक्टरीणबाईनं दोनदा वाचून दाखवलं. तवाच मी सही केली, अन् ती मी मागं घेणार नाई.

आठव, वांग्यावरचं नवीन औषध तू पूर्ण वावरात मारणार होता. मीच तुले थांबवलं अन् धुऱ्याकडच्या, बांधाले लागून असलेल्या एकाच ओळीवर मारून आठ दिवस वाट पाहाले लावली. ती ओळ करपली, पण वावर वाचलं.

त्या करपलेल्या ओळीलेही तू रोज पाणी देत होता. मी पाह्यलं होतं. तसाच एक दिवस इकडे येऊन जाजो.

तुही ताई,
नलू