कांद्याच्या सालाची लोकर

टिळकवाडी, बेळगाव

ती. स्व. आक्कास शालनचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आराम पडला असेल. नसेल तर वृषभच्या गाडीवर मागं बसणं बंद कर. इकडे सगळे बरे आहेत, सासूबाई तर माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, ते शेवटी कळेल.

तुझी लोकर पोचल्यापासून घरात दुसरा विषय नाही. (चातुर्मासात कांद्याचं नाव काढलं तरी डोळे वटारणारी माझी आक्का भजीवाल्याकडून पोतंभर कांद्याची सालं आणते आणि अंगणात चूल मांडून लोकर रंगवते, हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंना हळद म्हणून सांगितलंय.) रंग असा आलाय की लडी उन्हात धरून बघत बसले आणि आमटी उतू गेली. कुठं गर्द तांबूस, कुठं पिकल्या लिंबासारखा. साधी वीण हिला शोभायची नाही, म्हणून तुझ्यासाठी जाळीची शालच विणायची ठरवलं.

आधी पानांची नक्षी घेतली. वीतभर झाल्यावर ह्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "ही पानं व्हय? वखारीत तंबाखू टांगल्यागत दिसतंय." रंगही नेमका तसाच. तंबाखूच्या गावच्या, निपाणीच्या बाईला तंबाखूच पांघरायला कशी देऊ? उसवली. मग लाटांची घेतली, तर सासूबाईंना त्यात माशाचे खवले दिसले. जैनाच्या अंगावर मासा कसा चालेल? तीही उसवली. मग मोठ्या जाळीची सुरू केली, तर त्या म्हणाल्या, "एवढी भोकं ठिवल्यावर थंडी बाहीर कशी ऱ्हाईल गं?" ती परवा उसवली.

रोज संध्याकाळी तू विचारतेस, कुठवर आली, आणि मी नवी अडचण सांगते. मग तू तासभर सुई जाड घे, टाके कमी कर, असं समजावत बसतेस. खवल्यांचं ऐकून तर खळखळून हसलीस.

वृषभला आशीर्वाद, त्याच्या पोरांना पापा.

तुझी धाकटी,
शालन

ता. क. तंबाखू, खवले, थंडी, सगळं मीच रचलं. ते दोघं बिचारे पहिल्याच नक्षीला छान म्हणाले होते. उसवलं मात्र खरंच. दाजी गेल्यावर तू कुणाशी बोलेनाशी झालीस. वृषभ फोन करून सांगायचा, आई माझ्याशीही बोलत नाही. या लोकरीपायी तू पुन्हा बोलायला लागलीस. शाल पुरी झाली की तुझा फोन थांबेल, याची मला भीती वाटते. हे फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहिलं.

आणखी एक. उसवून उसवून लोकर आता तुटायला लागलीय, त्यामुळं हे नाटक पुढं रेटता येणार नाही. तेव्हा एक लडी नवी रंगव आणि स्वतः घेऊन ये. थंडी सरेपर्यंत राहा, नक्षी समोरासमोर बसून ठरवू. (सासूबाईंसमोर हळदच म्हणायचं.) पार्सलनं पाठवलीस तर तीही उसवीन.