आवाज परत येईपर्यंत

४ फेब्रु., कंग्राळी
जर्मनीहून घरी पोचले. स्वरतंतूवरची गाठ काढून महिना झाला. तिथल्या डॉ.नी बजावलंय, अजून दोन आठवडे गाणं बंद, बोलायचं ते हळू. आप्पा म्हणाले, "तोंड सुकलंय गं." बस्स, एवढंच. बारा वर्षं तिथल्या ऑपेरात कोरसमध्ये गातेय, आप्पांनी एकदाही ऐकलेलं नाही.

७ फेब्रु.
वैनीनं भाकरी थापता थापता विचारलं, "ऑपेरा म्हंजे नाटकच न्हवं?"
"व्हय. पण सगळं गाऊन."
"भांडणं बी?"
"भांडणं बी."
"मग लई येळ लागत असंल."
हसू दाबताना घसा दुखला.

१२ फेब्रु.
थिएटरातून मेल. पुढच्या हंगामात मोठी भूमिका, पहिल्यांदाच. अट एकच: महिनाअखेर नवं रेकॉर्डिंग, आवाज परत आल्याचं. बारा वर्षं याच मेलची... कुणाला सांगितलं नाही.

१९ फेब्रु.
बंदी संपली. सकाळीच शिवारात, पंपाच्या खोलीत. खालचे सूर आले, पण जाड, माझे नसल्यासारखे. वरचा शेवटचा सूर फाटला. चारदा. बांधावर बसून राहिले.

२६ फेब्रु.
रोज तेच. आज घरात सांगून टाकलं. अण्णा, थोरला भाऊ, म्हणाला, "मागल्या साली गायलेलं धाड की. कुणाला कळतंय?" कळलं नसतंच. फाईल जोडलीसुद्धा. मग काढली. तिथं लोकांसमोर उभं मलाच राहायचंय.

२७ फेब्रु.
शहरात, कॅम्प भागात, गाण्याच्या माझ्या पहिल्या बाईंकडे. शाळेत असताना त्यांच्याच पियानोवर शिकले. आज रेकॉर्डिंगला त्यांनीच साथ केली. आप्पा आपणहून आलते, दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले. शेवटचा सूर फाटला तो तसाच ठेवला. पाठवलं.
परतताना रिक्षात आप्पा: "शेवटी वरडलीस, तवा काय झालतं त्या गाण्यातल्या बाईला?"
"नवरा गेलता."
"मग बराबर हाय."

९ मार्च
उत्तर आलं. वरचा सूर तुटतो. खालचा आवाज मात्र इतका भरदार आम्ही तुमच्याकडून कधी ऐकला नव्हता. येऊन समोर गा. भूमिकेचं आत्ताच काही सांगता येत नाही.
आप्पांना मराठीत सांगितलं.
"जा. न्हाय जमलं तर ये माघारी."
"आणि जमलं तर?"
आप्पा उठले. म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय म्हणाले, आणि गोठ्याकडं गेले.