फ्रॉकची शेवटची दुमड

बाळा,

पहिली घरात शिरली तुझी लेक, तीही चपलांसकट! मागून सूनबाई आणि तिचा नवा नवरा. तो बिचारा दारातच घुटमळला. तू देवाघरी गेलास, तिने दुसरं लग्न केलं, तेव्हा मला वाटलं, आता नातही गेली.

पोरीच्या अंगात तूच शिवलेला फ्रॉक! वाढत्या अंगाचा म्हणून खाली तीन दुमडी घातल्या होत्यास ना, त्यातली एकच उरलीय.

"आई, ही तुम्हीच उसवा. मला धीर होत नाही," सूनबाई म्हणाली.

"कात्री कुठे गेली मेली!" मी घरभर शोधलं.

"आजी, तू अगदीच वेंधळी आहेस," नात म्हणाली.

तुला म्हणून सांगते, कात्री मीच गादीखाली सरकवली होती.

रविवारी परत येतायत, फ्रॉक घेऊन.

तुझी आई