सहाव्या दिवसाचा डबा

पुलगाव कॅम्प,
गुरुवार, १८ मार्च २००४

चि. नंदिनी,

जयभीम. इथं मी अन् तुझी आई ठीक. आईचे गुडघे होते तसेच हायेत, अन् तोंडही होतं तसंच हाय. ऊन आतापासूनच तापून राह्यलं. कूलर काढला तं त्याची मोटर जळाली. तुझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. माझ्या नावाले आईनं मुद्दाम 'जी' लावला, चिंधूजी. बिना 'जी'चं छापलं असतं तं काय वऱ्हाड परत गेलं असतं का?

पुलगाव ते सावंगी एस.टी.नं तासाभराची वाट. तुझ्या दवाखान्याच्या होस्टेलले फोनही हाय. तरी पत्र लिहून राह्यलो, म्हणजे तू समजलीच असशीन की तोंडानं सांगता येत नाई असं काईतरी हाय. शाळेतली भाषा लिहाले बसलो की हात अडते, म्हणून बोलतो तसंच लिहितो. आमच्या होणाऱ्या जावयाले, रत्नदीपलेही वाचाले देजो. तो मास्तर हाय, चुका काढीन. काढू दे.

पहिले रविवारचं सांगतो. तुम्ही दोघं आलते. जेवणं झाल्यावर तू सतरंजीवर श्रीलंकेचा नकाशा पसरवला अन् म्हणली, "बाबा, लग्नानंतर आमी लंकेले जाणार. नऊ दिवस. तिथं गाडी भाड्यानं घेऊ अन् मीच चालवीन." बुद्धपौर्णिमेले अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली बसाचं, मंग वर जाफन्याले जाऊन होडीनं नागदीपच्या विहारात जाचं. रत्नदीपच्या तोंडावर असा आनंद, जसं गाडीचं पेट्रोल त्याच्याच अंगात भरलं. तू त्या प्रवासाची लिहिलेली वही मी हातात घेतली, पानं पलटवली, सहाव्या दिवसाचं पान वाचलं, अन् एकदम ओरडलो, "काई जाचं नाई! लग्न करा अन् घरी बसा!" चप्पल घातली अन् चौकात निघून गेलो. परत आलो तं तुम्ही गेलते. आईनं सांगितलं, पोरगी रडत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाई, ताट आदळून देत होती.

वही तू इथंच इसरून गेली. ती मी चार दिवसांत दहादा तरी वाचली असीन.

बाप्पा, काय वही लिहिली व तू! पेशंटचा चार्ट भरते तसा तू रस्त्याचा चार्ट भरला. एका दिवसाले एक पान. डाव्या बाजूले वेळ अन् किलोमीटर, उजव्या बाजूले पेट्रोल, जेवण, बाथरूम. दर दोन तासाले थांबा. सूर्य कवा बुडते ते रोजचं लिहिलं, अन् गाडी त्याच्या एक तास पहिले उभी. पहिल्या पानावर टायर, स्टेपनी, वायपर, अन् खाली रेघ मारून, "जॅक आपल्या हातानं लावून पाहणे." ते वाचलं अन् मी खुर्चीतून उठून आईले वाचून दाखवलं. ती बोलत नव्हती तरी ऐकलं तिनं.

एकोणीस वर्षं मी फौजेची गाडी चालवली. गाडी कवा निघीन, कुठी थांबीन याच्या हुकुमाचा कागद निघते, त्याले मूव्ह ऑर्डर म्हणते. असे शेकडो कागद माझ्या हातातून गेले. खोटं कायले बोलू, तुझ्या वहीसारखी पक्की ऑर्डर एकाही साहेबानं काढली नाई. माझी पोरगी हे करते, हे मले माहीतच नव्हतं. मले वाटे तू इंजेक्शनच देते.

अन् जावई! तिसऱ्या पानावर कँडीचा घाट, तिथं त्यानं आपल्या हातानं लिहिलं, "रत्नदीपले उलटी होईल, पिशवी हाताशी ठेवणे." पोट्टं लुनाच्या पुढं गेलं नाई, पण बायको चालवणार अन् आपण नकाशा धरणार हे चारचौघात हसत सांगते. माझ्या टायमाले असा एक माणूस दाखव. आम्ही नुसते मिशीले पीळ देणारे. घाटाचं एक मात्र लिहून ठेव, ज्या गिअरमधी चढशीन त्याच गिअरमधी उतरजो. बाकी त्या वहीत मले चूक काढता आली नाई, सहावं पान सोडून.

आता ते पान. पण त्याच्या पहिले दुसरं एक सांगू दे, नाईतं राहून जाईन.

तू अठराची झाली तवा म्हणली होती, "बाबा, मले गाडी शिकवा." मी म्हणलो, "पोरीच्या जातीले गाडी कायले पायजे?" तू परत इचारलं नाई. नोकरी लागली तवा पहिल्या पगारातून क्लास लावला, लायसन काढलं अन् मले आणून दाखवलं. मी नुसतं "हं" म्हणलो. तू आंघोळीले गेली तवा तुझ्या पर्समधून काढून परत पाह्यलं. फोटोत तू हसून राह्यली होती. नंदिनी, ते पोरीच्या जातीचं खोटं होतं. डोळे खराब झाले म्हणून गाडी सोडली असं सांगत आलो, तेही खोटं. माझे डोळे आजही साबूत हायेत, तुझ्या वहीतलं बारीक अक्षर बिना चष्म्यानं वाचलं.

रविवारी मी उठलो तवा पाठीमागून तू म्हणली, "बाबा, तुम्ही जिथं गाडी चालवली तिथं मले चालवाची हाय, म्हणून तं लंका धरली." मी ते ऐकलं. ऐकूनच चप्पल घातली.

तू लिहिलं हाय, "दिवस सहावा. अनुराधपूर सोडणे सकाळी सहा. वावुनियाच्या पुढे दुपारी बारा वाजता गाडी बाजूला लावून, आत झाडाखाली सतरंजी टाकून डबा."

आपली माणसं अशीच. रामटेकले जा, चिखलदऱ्याले जा, दीक्षाभूमीवर जा, रस्त्यात झाड दिसलं की गाडी बाजूले, सतरंजी खाली, पुरी अन् बटाट्याची भाजी बाहेर. त्याच्याबिगर आपल्याले गावाले गेल्यासारखं वाटतच नाई. हे मी कितीदा केलं. पण तो रस्ता मी पाह्यला हाय बाई. त्या रस्त्यावर झाडाखाली जात नाई.

हिंगणीचे तानबा काका तुले आठवते. तू चौथीत पहिली आली तवा पेढे घेऊन आलते. 'लंकेत सुरुंगात गेले,' एवढंच तुले सांगितलं. सत्याऐंशीत आपली फौज तिकडं गेली, त्यात माझी गाडी होती अन् माझ्या बाजूच्या सीटवर तानबा. अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमधी वावुनियाच्या पुढं आमची गाड्याइची रांग अडून पडली. पुढं रस्ता तपासणं चालू होतं. हुकूम एकच, डांबर सोडाचं नाई. पुढच्या गाडीच्या चाकामागं चाक, अन् पाय ठेवाचा तं डांबरावर. डब्यातलं पाणी संपलं होतं. रस्त्यापासून पंधरा-वीस पावलांवर एक सोडून गेलेलं घर, अन् त्याच्या अंगणात नारळाचं ठेंगणं झाड. त्याचे शहाळे नारिंगी, एकदम संत्र्यासारखे. लंकेतच होते ते. तानबा म्हणे, "चिंधू, हे गावात सांगतलं तं कोणी मानणार नाई. माही रुख्मिणी तं मले येडाच म्हणीन."

मी म्हणलो, "मंग आण ना दोन. एक पिऊ, एक तिच्यासाठी ठेव."

मीच म्हणलो. त्यानं हुकुमाची आठवण दिली, तं मी हसलो अन् म्हणलो, "भेतो का रे?" तो उतरला. झाडापर्यंत पोचला नाई.

साहेबानं इचारलं तवा मी सांगितलं, तो आपल्या मनानं उतरला, मी नाई म्हणत होतो. कागदावर तसंच लिहिल्या गेलं. रुख्मिणी वहिनीलेही मी तेच सांगितलं. त्या दिवसानंतर स्टिअरिंगले हात लावला की हाताले घाम फुटे. मी स्टोअरची ड्युटी मागून घेतली, नव्वदमधी पेन्शन घेऊन घरी आलो, अन् डेपोच्या गेटवर चौकीदारी धरली. दरवर्षी हिंगणीले जात राह्यलो, वहिनीच्या हातचा चहा पेत राह्यलो. तू एकदोनदा सोबत आलती. तुले वाटे बाबा किती दोस्ती निभावते.

रविवारी तुले नाई म्हणलो अन् सोमवारभर गेटवर बसून इचार केला. तुले काऊन नाई म्हणलो ते तुले सांगाचं असन, तं पहिले जिचा हक्क हाय तिले सांगाले पायजे. मंगळवारी मी हिंगणीले गेलो.

वहिनी अंगणात तुरी पाखडून राह्यली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मंग म्हणली, "सोळा वर्षं माह्या घरचा चहा पेले न भाऊजी? कसा उतरला हो घशाखाली?" तिनं सूप उचललं अन् परत पाखडाले लागली. "जा आता," म्हणली. पाणीही इचारलं नाई. बरोबरच केलं तिनं.

मी एस.टी.च्या थांब्यावर येऊन बसलो. अर्धा तास झाला असन, तं ती पदर डोक्यावर घेऊन भर उन्हात चालत आली. बाजूले बसली नाई, उभीच राह्यली. "आता कायले सांगतलं?" म्हणे. मी तुझ्या लग्नाचं सांगितलं, तुझ्या वहीचं सांगितलं, तू गाडी चालवते ते सांगितलं, अन् मी नाई म्हणलो तेही सांगितलं. तिनं इचारलं, "पोरगी चालवते? सोताच?" मी म्हणलो, हाव. तशी तिच्या तोंडावर हसू नाई पण काईतरी आलं.

मंग म्हणली, "तिले जाऊ द्या. तुमच्या भेवापायी पोरीले कायले घरात कोंडता? अन् तिले सांगजा, येताना तसला एक नारळ आणजो. मले पाहाचा हाय. कोणत्या रंगापायी माहा माणूस गेला, तो रंग तं पाहू दे मले."

एस.टी. आली. मी चढलो तं खालून म्हणे, "आता तिच्यासंगच याजा. तो नारळ घेऊन. तवा चहा ठेवीन. त्याच्या पहिले येऊ नका."

माफ केलं असं ती म्हणली नाई, अन् मीही मागितलं नाई. पण एस.टी.त मी पार सेलूपर्यंत रडत आलो. कंडक्टरनं तिकिटाचे पैसेही दोनदा मागितले नाई, बिचाऱ्याले वाटलं कोणी मयत झालं.

म्हणून पोरी, तू जा. रविवारी मी तुले अडवलं, आज मीच म्हणून राह्यलो, जाच. पान सहावं मी तुझ्या वहीत दुरुस्त केलं हाय, लाल पेननं, माफ करजो. झाडाखालचा डबा खोडला. डबा गाडीतच, काचा खाली करून. बाथरूम वावुनियात अन् मंग रस्त्यावरच्या तपासणी चौकीवर, मधी कुठीच नाई. रत्नदीप म्हणते आता सुरुंग काढून राह्यले, पेपरात आलं. काढत असतीन. डांबरावरचे काढले असतीन, झाडाखालचं कोणी सांगावं? फोटो काढाचा तं डांबरावर उभं राहून. शहाळं घ्याचं ते बाजारातून, दुकानदाराच्या हातातून. एक तुम्ही दोघं मिळून प्या, तानबाच्या वाटचं. एक घरी आणजो. पेटीत कपडे कमी झाले तरी चालतीन.

अन् आता हसजो. काल मी शेजारच्या रूपरावची जीप मागितली. त्याले वाटलं मी येडा झालो. सीटवर बसलो तं हाताले घाम तोच, तसाच. आई आपली न इचारता बाजूले येऊन बसली अन् म्हणली, "आता चालवता का इथंच बसाचं?" कॅम्प ते नाचणगाव अन् परत. दुसऱ्याच्या वर गिअर टाकला नाई. एक सायकलवाला आम्हाले ओव्हरटेक करून गेला. आई म्हणे, "छत्तीस वर्षांनी हनिमून झाला, तोही नाचणगावले." पण उतरताना माझा हात धरून उतरली.

या रविवारी सकाळी सहाले मी जीप घेऊन तुझ्या होस्टेलच्या गेटवर येतो. सावंगीपर्यंत मी चालवीन, हळूच येईन, उशीर झाला तं भेऊ नको. तिथून पुढं तू चालवशीन. बोर धरणाच्या रस्त्यानं जाऊ, तिथं चढ-उतार चांगले हायेत. आठ वर्षं पहिले शिकवाचं होतं ते एका सकाळी काय शिकवणार मी? तुले येतेच सगळं. मले फक्त पाहाचं हाय. हिंगणी रस्त्यात लागीन, पण तिथं थांबाचं नाई, नारळ आल्यावरच थांबाचं. वहिनी अंगणात असली तं हॉर्न एकदा वाजवजो. तिले दिसू दे कोण चालवून राह्यलं ते.

डांबर सोडू नको.

तानबाच्या जागेवर, तुझ्या बाजूच्या सीटवर बसणारा
तुझा बाबा